डिसेंबरातलं नागपूर

नागपूर, २ मार्च १९६८

तीर्थरूप भाऊ,

तुझ्या मुंबईच्या ऑफिसच्या स्मरणिकेसाठी तू नागपूरची माहिती मागवलीस. राजधानी गेली, गिरण्या राहिल्या, सीताबर्डीचा बाजार वाढला, एवढं लिहून झालं. "संत्री आंबट" हे तुझं वाक्य मात्र मी घालणार नाही. तू दरवर्षी अधिवेशनाच्या फायलींबरोबर डिसेंबरात येतोस आणि आंबिया बहाराची आंबट फळं खाऊन जातोस. गोड मृग बहार आत्ता, मार्चात येतो. विसरलास काहून?

आईचंही तसंच. गेल्या डिसेंबरात तिनं तुला संत्रं सोलून दिलं, एकेक बी बोटानं काढली. "हात अजून किती चपळ!" तू म्हणालास. भाऊ, दिवाळीपासून तिला दिसत नाही. तू येणार म्हणून महिनाभर ती संत्री सोलायचा सराव करून राहिली होती. मला शपथ घातली, "त्याले सांगू नको वं. मले मुंबईले नेईल. इथल्या भिंती तरी हाताले ओळखते."

म्हणून हे पत्र टपालपेटीत पडणार नाही. माहिती वेगळ्या कागदावर पाठवते.

आज तिनं मृगाची चार संत्री चाचपून तुझ्यासाठी बाजूला ठेवली. डिसेंबरापर्यंत टिकत नाहीत, हे तिलाही ठाऊक आहे.

तुझी,
कुसुम