हलणाऱ्या अणूंचा फोटो

चि. धाकटीस दादाचे भरभरून आशीर्वाद. कंबर कशी आहे? (तू एका जागी बसत नाहीस म्हणून ती दुखते, हे माझं मत कायम आहे.) मी ठणठणीत, फक्त नाक गळतंय. कारण पुढे येईल.

लेकीला घेऊनच ये, असं बजावून तू मला धाडलंस. स्फटिकाचा फोटो मनासारखा आल्याशिवाय ती प्रयोगशाळेतून निघणार नाही म्हणते. म्हटलं, जन्मभर स्टुडिओ चालवला मी, एका फोटोचं काय घेऊन बसलीस! यंत्र माझ्याहून उंच. वरून इलेक्ट्रॉन सोडायचे, ते स्फटिकातून पार होऊन खाली पडद्यावर ठिपक्यांची नक्षी उमटवतात. मधले ठिपके झकास, कडेचे पुसट, आणि सगळीकडे धुरकट. मी लगेच रुमालानं यंत्राची काच पुसली, तोंडाची वाफ सोडून पुन्हा पुसली. पोरगी शांतपणे म्हणाली, "मामा, धूळ नाही ती. आतले अणू उबेनं थरथरतात, म्हणून कडेचे ठिपके आधी विझतात." म्हणजे गिऱ्हाईक हललं! एवढं तर मला कळतं. मग मी सुचवलं, जाडजूड तुकडा लाव, फोटो भरून येईल. माझं तोंड बंद व्हावं म्हणून तिनं लावला. पडदा काळाठिक्कर! (जाड स्फटिकात इलेक्ट्रॉन शिरतात आणि आतच मुरतात, तुझ्याकडच्या पाहुण्यांसारखे.)

शेवटी पुन्हा पातळ तुकडा, आणि द्रव नायट्रोजन ओतून त्याला गारठवलं. (खोलीही गारच ठेवतात, म्हणून माझं नाक.) थरथर कमी झाली, कडेला एकेक ठिपका उगवू लागला, आणि तेवढ्यात तुझा फोन. पोरगी दचकली, कोपर लागलं, नक्षी सरकली. तू विचारलंस, "निघालात का?" मी म्हणालो, "निघतोच." (फोन बंद करायला निघालोच होतो.) पुन्हा सगळं जमवलं. मी सवयीनं ओरडलो, "हलू नका!" आणि ठिपके पार काठापर्यंत उमटले. पोरगी हसत सुटली. म्हणाली, "कितीही गार करा मामा, अणू पुरते थांबत नाहीतच." म्हटलं, तुझ्या आईला मी लहानपणापासून ओळखतो.

तर फोटो झाला. रविवारी दोघं येतो.

तुझा दादा

ता. क. रविवारचं जमत नाही. तिला आता आणखी गार करून बघायचंय. माझा स्वेटर आणि कानटोपी पाठव.

ता. क. दुसरा. पाठवू नकोस, घेऊन ये. इथे तिसरी खुर्ची मांडून ठेवली आहे. लेक काय करते ते एकदा डोळ्यांनी बघ. फोन घरी ठेव, आणि खुर्चीत बसलीस की, आयुष्यात एकदा तरी, हलू नकोस.