वाक्यात उपयोग

प्रिय धाकटे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या मनात नको ती शंका आली असेल. घाबरू नकोस, आई आहेत. पण पक्षाघाताने त्यांचा उजवा हात आणि अर्धं तोंड गेलं, तेव्हापासून जेवण दिवसेंदिवस कमी होत चाललंय. मी सगळं वेळेवर, मऊ करून, गाळून भरवते. चार घास घेतात आणि तोंड मिटतात. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी नुसता निरोप सांगते, तुला माहीतच आहे.

परवा तुझ्या पुतणीला शाळेतून शब्द दिले होते, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायला. त्यात ‘आदर्श’ होता. मॅट्रिकला मराठीत मला बरे गुण होते, तेव्हा भाजी निवडता निवडता मी ऐटीत सांगितलं, ज्याच्याकडे बघून दुसऱ्यांनी तसं व्हावं, तो आदर्श. वाक्य काही तिला सुचेना. तर पलंगावरून आई म्हणाल्या, “लिही, माझी थोरली सून आदर्श आहे.” हल्ली शब्द जड पडतात त्यांचे, पण हे स्पष्ट आलं. मी सुखावले, खोटं कशाला बोलू? लेक म्हणाली, “आजी, बाईंना मोठं वाक्य लागतं गं.” आईंनी जरा दम घेतला आणि पुढे जोडलं, “म्हणून तिच्यासमोर सांडायची भीती वाटते.”

ओटा पुसलेला होता, तो मी पुन्हा पुसला. लेकीने वाक्य अर्धंच लिहिलं. पोर शहाणी आहे.

दुसऱ्या दिवशी जपाला बसले तर बोटं माळेवर आणि मन त्या शब्दावर. हा शब्द कधी एकटा येत नाही, असं माझ्या लक्षात आलं. कुणाला आदर्श म्हणायचं, तर शेजारी कुणीतरी मान खाली घालून उभं लागतं. आपल्या घरात ती तू होतीस. दूध उतू गेलं, थोरलीकडे बघ. बटाट्याची सालं जाड निघाली, थोरलीकडे बघ, काही म्हणून वाया घालवत नाही. (नाहीच घालवत. हा कागदसुद्धा जुन्या दिनदर्शिकेची मागची बाजू आहे.) तू हसण्यावारी नेलंस, नेलंस, आणि एक दिवस झारा खाली ठेवून वेगळं बिऱ्हाड करायचं म्हणालीस. तुम्ही गेलात त्या दिवशी दूध उतू गेलं नाही आणि कुणी कुणाला ओरडलंही नाही. घर नुसतं शांत होतं.

तुला ओरडून झालं की आई तुझ्याचजवळ येऊन बसायच्या, आठवतं? “माहेरी पातेल्याकडे बघायला शिकवलं नाही वाटतं महाराणींना,” असं म्हणत म्हणत तळाची करपलेली खरवड दोघी मिळून खात होतात. हसण्याचा आवाज माझ्यापर्यंत यायचा, मी कपड्यांच्या घड्या घालत असायची. माझ्याबरोबर त्या तशा कधी हसल्या नाहीत. माझं त्यांनी कौतुक केलं. कौतुक करणारं माणूस जरा लांबच उभं राहतं गं.

तर आता मुद्द्याचं. तू ये. थोडे दिवस राहा आणि त्यांना तू भरव. सांडू दे, पांघरूण खराब होऊ दे, काय हसायचं ते हसा. मी तेवढे दिवस भावाकडे जाऊन राहते. मी घरात असले तर त्या दाराकडे बघत जेवतील. डबे मी ठेवते त्याच जागी ठेवायची गरज नाही, गॅस तेवढा बारीक ठेव. देवाजवळ मी दोन गोष्टी मागितल्या आहेत. आईंनी तुझ्या हातून पोटभर जेवावं, ही एक. ती तो ऐकेल. आणि त्याचं मला वाईट वाटू नये, ही दुसरी. तिच्यासाठी रोज जपाला बसतेय.

तुझीच,
थोरली