हीटर बंद असताना

ओंगार, डब्लिन
४ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
कौमुदीचा शि. सा. न. वि. वि.

आई सुखरूप पोचली, हे शेजारच्या विवेकने तुम्हाला सांगितलं असेलच. फोनवर तुम्हाला आता ऐकू येत नाही आणि त्याच्याकडून मेसेजमधल्या घरच्या गोष्टी वाचून घेणं तुम्हाला आवडत नाही, म्हणून कागद-पेन शोधून काढलं. अक्षराला हसू नका, पंधरा वर्षांनी एवढं लिहितेय.

आई आणि रेवाचं मस्त जमलंय. आई मराठीत विचारते, रेवा इंग्रजीत उत्तर देते. सहा वर्षांच्या पोरीला काहीही विचारा, सगळं 'ग्रँड' असतं, म्हणजे इथल्या भाषेत छान. आता आईही तेच म्हणायला लागलीय. जेवण कसं झालं, ग्रँड. गुडघा कसा आहे, ग्रँड.

ओजसचं सिटीवेस्टचं काम ऑगस्टमध्ये संपलं. आता पार दुसऱ्या टोकाला, रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात काँट्रॅक्ट मिळालंय. सोमवारी पहाटे जातो, शुक्रवारी येतो. त्यामुळे दोन ठिकाणचं भाडं, आणि शाळेनंतर रेवाला ठेवायला जागा नाही. आई आली नसती तर मला नोकरी सोडावी लागली असती.

तुम्ही विजेचं विचारलं होतंत. आमच्याकडे गॅस नाही, भिंतीवरचे हीटर सगळे विजेवर. गेल्या जानेवारीचं बिल आलं तेव्हा आम्ही दोघं संध्याकाळभर एकमेकांशी बोललो नव्हतो. त्यानंतर दर पुन्हा वाढलेत. ऑफिसात लोक सहानंतरही बसून असतात, कामासाठी नाही, तिथे ऊब फुकट आहे म्हणून. आम्ही शनिवार लायब्ररीत काढतो. कपड्यांचा ड्रायर बंद, अंघोळीचं पाणी तापवायचं ते वीस मिनिटं मोजून. पण आई आहे तोवर दिवसा हीटर चालू राहणार, हे आम्ही ठरवलंय. तिच्या दम्याची आठवण मला करून द्यायला नको.

तुम्ही जेवणाची आबाळ करू नका. लोभ आहेच, पत्रातूनही दिसू द्या.

तुमची,
कौमुदी


त्रिमूर्तीनगर, नागपूर
१३ नोव्हेंबर २०२५

चि. कौमुदीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आलं. अक्षर वाईट आहे, पण शुद्धलेखन टिकून आहे, हे तुझ्या आईचे उपकार.

वीज बोर्डात तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाला तू वीज कशी वाचवायची हे विचारलं नाहीस, तरी सांगतो. सगळं घर तापवायचं नाही. एकच खोली धरा, बाकीची दारं लावून घ्या, दाराच्या फटीला जुनी चादर लावा. झोपायलाही तिघी तिथेच. जावईबापूंना सांग, इंजिनिअर असून त्यांना हे सुचलं नाही याचं नवल वाटतं. (हे मजेने.)

एक मात्र लक्षात ठेव. बिल थकवायचं नाही. मार्च आला की थकबाकीदारांच्या लाइनी कापायला मी स्वतः जीप घेऊन जात असे. बायामाणसं दारात उभी राहून विनवायची, एक आठवडा द्या म्हणायची. मी वायरमनला खांबावर चढायला सांगायचो. नियम म्हणजे नियम. खात्यातल्या माणसाच्या मुलीकडे थकबाकी शोभत नाही. कपडे कमी घे, सणवार कमी कर, पण तारखेच्या आत भर.

माझं बरं चाललं आहे. डबा लावला आहे, डब्यातल्या वरणाला चव नाही. तुझ्या आईला हे सांगू नकोस, उगाच सुखावेल.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बाबा


ओंगार
२४ नोव्हेंबर २०२५

श्री. पुरुषोत्तमराव यांस,
सुलेखाचा सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र कौमुदीनं मला वाचायला दिलं. वरणाची चवही वाचली. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायची ही दुसरीच वेळ. पहिलं माहेरून लिहिलं होतं, कौमुदीच्या वेळी. त्याचं उत्तर आलं नव्हतं.

पोरगी कामानं पिचून राहिली आहे हो. सकाळी अंधारात जाते, अंधारात येते. शुक्रवारी जावई आले की घरात हसणं ऐकू येतं, रविवारी दुपारपासून दोघांची तोंडं उतरतात. मागच्या रविवारी दोघं मोबाइलवर विजेचा आकडा पाहत होते. जावई म्हणाले की आई आल्यापासून दिवसाचा वापर दुप्पट झालाय. वाईट मनानं नाही म्हणाले, जे दिसलं ते वाचलं. कौमुदीनं त्यांना गप्प केलं आणि मी ऐकलं का ते पाहायला स्वयंपाकघरात आली. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत असल्यासारखं केलं.

तेव्हापासून मी एक करते. दोघी बाहेर पडल्या की हीटर बंद. सव्वादोनला रेवाला आणायला निघायच्या अर्धा तास आधी लावते, म्हणजे पोरीला घर गार लागत नाही. मधल्या वेळात तुमचं राखाडी स्वेटर, वर शाल, त्यावर कौमुदीचा कोट, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. इथली थंडी आपल्यासारखी नाही. आपल्याकडं अंगणात उन्हात बसलं की जाते. इथं ऊनच नाही, ती हाडांत शिरून बसते. थोडा खोकला आहे. दुपारी छाती जरा वाजते, पण आवरते.

कौमुदीला सांगू नका. तिला कळलं तर ती दिवसभर हीटर लावायला लावेल आणि बिल आलं की रडेल. मी बरोबर करते ना, एवढंच सांगा.

डब्याचं वरण बदलून घ्या. या वेळी उत्तर धाडा.

तुमची,
सुलेखा


नागपूर
७ डिसेंबर २०२५

प्रिय सौ. सुलेखास,

तुझं पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं. हे बघ, उत्तर देतो आहे.

शाब्बास! आम्ही खात्यातर्फे वीजबचतीची पत्रकं गावोगाव वाटायचो, लोक त्यात भजी बांधून न्यायचे. तू पत्रक न वाचता करून दाखवलंस. सकाळी फिरायला गेलो तेव्हा गुरुनाथला सांगितलं. तो म्हणाला, वहिनींना खात्यात घ्यायला हवं होतं.

कौमुदीला कळू देणार नाही. तू करतेस ते बरोबरच आहे, संसाराला असाच हातभार लागतो. खोकल्याला ज्येष्ठमध चघळ. वीस जानेवारीचं तिकीट आहे, म्हणजे सहा आठवड्यांचा प्रश्न. तेवढे काढ. मग आपलं अंगण आहे आणि ऊन आहे.

आठवण येते. हे लिहायची सवय नाही, म्हणून शेवटी लिहिलं.

तुझा,
पुरुषोत्तम


ओंगार
३ जानेवारी २०२६

बाबा,

आई गेली हे तुम्हाला ओजसचा फोन आल्यावर विवेकने कानाशी ओरडून सांगितलं. ते कसं झालं असेल, ते डोळ्यांपुढून जात नाही. पण काय झालं ते तुम्हाला नीट कुणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहितेय.

११ डिसेंबरला पावणेतीन वाजता रेवाच्या शाळेतून फोन आला, की तिला न्यायला कुणी आलेलं नाही. आईचा फोन लागेना. शाळेतून रेवाला घेऊन मी घरी पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. आई खुर्चीत होती, माझा कोट घालून. डोळे उघडे होते, पण मला मावशीच्या नावाने हाक मारत होती. हात लावला तर बर्फ. आणि ती कुडकुडत नव्हती, बाबा. मला वाटलं की म्हणजे फार गारठलेली नसेल. ॲम्ब्युलन्सवाल्या बाईने सांगितलं, की उलटं असतं.

दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. डॉक्टरने मला विचारलं, की तुमच्या घरातलं हीटिंग बिघडलंय का. मी नाही म्हणाले. त्याने ते लिहून घेतलं. सहा दिवस हॉस्पिटलात होती. १७ तारखेला सकाळी गेली. तुमचा पासपोर्ट संपलेला, तुम्हाला येता आलं नाही. अग्नी मी दिला.

२९ तारखेला तुमचं पत्र आलं. पाकिटावर आईचं नाव होतं. मी उघडलं.

तुम्हाला माहीत होतं. तिला खोकला आहे हेही माहीत होतं. विवेकला सांगून एक ओळीचा मेसेज केला असतात तर मी त्याच दिवशी घरी थांबले असते. तुम्ही तिला शाब्बास म्हणालात. फिरायला जाऊन मित्राला सांगितलंत.

काल वीज कंपनीचा मेल आला. आमच्यासारख्या घरांपेक्षा आम्ही डिसेंबरात खूपच कमी वीज वापरली म्हणून अभिनंदन केलंय. खाली हिरवं पान काढलंय.

का केलंत असं?

कौमुदी


नागपूर
१८ जानेवारी २०२६

चि. कौमुदीस,
आशीर्वाद.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. त्यात एक राहिलं आहे, ते मी घालतो.

तुझ्या आईचं पत्र आलं त्याच संध्याकाळी विवेक चहाला आला होता. पत्र माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. काकू काय म्हणतात, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, मजेत आहे. त्याचा फोन टेबलावर होता, माझ्या कपाच्या शेजारी.

तिचा दमा मी विसरलो होतो असं नाही. इतकी वर्षं थंडीत तिला वाफ द्यायला मीच उठत होतो. पण पत्र वाचून मला अभिमान वाटला. माझ्या शब्दाप्रमाणे माझं माणूस वागतं आहे, असं वाटलं. त्या आनंदात छातीचं वाक्य माझ्या नजरेखालून गेलं आणि आत शिरलं नाही. आता ते पत्र रोज काढतो. ती परवानगी मागते आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, मी नाही म्हणावं म्हणून तिने लिहिलं होतं. बारा हजार रुपयांचं पेन्शन असलेला माणूसही 'लाव हीटर, मी पैसे धाडतो' एवढं लिहू शकला असता.

विवेकच्या मदतीने तुझ्या खात्यात थोडे पैसे टाकले आहेत. नाही म्हणू नकोस. रेवाला थंडीत ठेवू नकोस. तू मला पुन्हा लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

बाबा


ओंगार
५ फेब्रुवारी २०२६

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पैसे मिळाले. परत पाठवत नाही, लागणार आहेत. मी अर्ध्या दिवसाचं काम मागून घेतलंय, पगारही अर्धा. ओजसचं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय, पुढचं काही कळलेलं नाही. घरमालकाने एप्रिलपासून भाडं वाढवायचं पत्र दिलंय. रेवा बरी आहे. आजीबद्दल विचारत नाही, त्याचीच भीती वाटते.

तुमचं पत्र आल्यापासून तीनदा लिहायला बसले. मी तुम्हाला 'का केलंत' असं विचारलं. मला ते विचारायचा अधिकार नव्हता.

२ डिसेंबरला मी ऑफिसचं कार्ड घरी विसरले होते. अकराच्या सुमाराला परत आले. दार उघडलं तर माझ्या तोंडातून वाफ निघत होती. आई कोट घालून खुर्चीत बसली होती. ती गडबडीने उठली, म्हणाली की आत्ताच बंद केला, जरा बाहेर जाऊन येणार होते. तिच्या पायांत घरातले मोजे होते. मी जाता जाता हीटरला हात लावला. दगडासारखा गार. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा ती खोकलीसुद्धा.

मी कार्ड घेतलं. बस चुकेल म्हणाले आणि निघाले.

बसमध्ये बसल्यावर मी मनात हिशेब करत होते, की रोज एवढे तास बंद म्हणजे या वेळचं बिल किती कमी येईल. आकडा जमला. मला बरं वाटलं, बाबा. खूप दिवसांनी इतकं बरं वाटलं, की पुढचा क्लोनसिलाचा थांबा येईपर्यंत मला झोप लागली.

त्यानंतर नऊ दिवस मी रोज संध्याकाळी घरी येऊन तिला विचारत होते, की थंडी नाही ना वाजली. ती ग्रँड म्हणायची आणि मी मान डोलवायचे.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. माझ्याच्याने लिहवत नाही.

कौमुदी