आईचा पट्टा

सोम., ३ नोव्हें.
एक्स-रे झाला एकदाचा. आईचा मणका मोडलाय. बाजारात मासळीचा टब उचलताना पाठीत कट्‌कन वाजलं, त्याला आज दहा दिवस. दहा दिवस अख्खं गाव म्हणतंय उसण भरली, आणि शेजारची पारूकाकी रोज तेल लावून रगडतेय. मोडलेल्या मणक्यावर! तेलाची बाटली गरम करून मीच देत होते. स्वतःचा इतका राग आलाय की...

बुध., ५ नोव्हें.
एमआरआय. नसा वाचल्या, नशीब. पाय बधिर झाले किंवा लघवी अडली तर ताबडतोब घेऊन या म्हणाले. डॉ.नी कागदावर काढून दाखवलं. मणका म्हणजे ठोकळा, तो पुढून चेपून पाचरीसारखा झालाय. हाडं आतून विरळ झालेली, टब नुसतं निमित्त. ऑपरेशन आत्ता नाही. पट्टा. बसताना-चालताना लावायचा, आडवं झाल्यावर काढायचा. वाकणं बंद, उचलणं बंद, हाडांसाठी गोळ्या. १७ ला परत एक्स-रे. आणखी चेपला तर सुईने आत सिमेंट भरायचं का ते ठरवणार.
आईने सगळं शांत ऐकलं. मग एकच प्रश्न, "बाजारान कवा जाव?"

शुक्र., ७
सकाळी सकाळी वाद.
"मोडला त प्लास्टर कुठं हाय?"
मणक्याला हाताच्या हाडासारखं प्लास्टर घालत नाहीत, पट्टा हेच तुझं प्लास्टर. चौथ्यांदा सांगितलं.
"मोडला असता त मी चालली असती का गो?"
चालतेस कारण नसा शाबूत आहेत, हेही चौथ्यांदा. ऑफिसला उशीर. बेलापूरला पोचेपर्यंत मनातल्या मनात भांडत होते.

सोम., १०
घरी आले तर आई वाकून कोळंबी सोलतेय. पट्टा अंगावर नाही, घरातही नाही. पारूकाकीला दिला म्हणे. "तिची पन कंबर दुकते." आईच्या मापाचा पट्टा, आणि ही उसना देते, जशी वाटीभर साखर! आणायला गेले तर काकी तो बांधून अंगण झाडत होती. "बरा वाटतंय गो," म्हणाली. पट्टा सोडवून घेऊन आले.

गुरु., १३
हद्द झाली. मी ऑफिसला गेल्यावर बाईसाहेब रिक्षा करून बाजारात. बाजारात तिच्या शेजारी मासळी घेऊन बसणाऱ्या मावरेवालीने फोन केला म्हणून कळलं. धावत गेले. आई तिच्या जागेवर, वाकून सुरमई कापतेय, पट्टा पिशवीत. सगळ्यांसमोर ओरडले तिच्यावर. नको होतं ओरडायला.
रडली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा पाहिलं तिला रडताना.
"जागा रिकामी दिसली त दुसरी येऊन टोपली मांडंल. तीस वरसं बसलंय मी तिथं. पाठ बरी होऊन मी बसू कुठं?"
हे आधी का नाही बोलली? मी तरी कुठे विचारलं.

शुक्र., १४
ठरलं. ती घरी पट्टा लावून राहणार, तिच्या जागेवर मी बसणार. रजेच्या अर्जात 'आईचं आजारपण' लिहिलं. मासळी विकायला बसणार असं लिहवेना. लाज वाटली, आणि लाज वाटल्याची त्याहून जास्त.

रवि., १६
दुसरा दिवस. गर्दी. "आई कुठाय? तिच्यासारखे तुकडे नाय येत तुला," हे निदान दहा गिऱ्हाइकांनी ऐकवलं. वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला. फोनवर आईला बोलून गेले, तीच चूक.
अर्ध्या तासात पारूकाकी पिशवी घेऊन हजर. पिशवीत पट्टा.
"तुजे आयनी दिलाय. तू वाकून बसतंस, तू लाव बोलली."
तिथूनच फोन लावला. "आई, पट्टा इकडे कशाला पाठवलास?"
"मी आडवी हाय ना. आडवी असल्याव काडाचा, डॉक्टरच बोलला."
मागे कुकरची शिट्टी.
"आई, गॅसपाशी कोण आहे?"
फोन ठेवला तिने.
उद्या एक्स-रे.