ऐंशीवर काढलेला प्लग

लोणावळा, मंगळवार संध्याकाळ

बेडशाच्या लेण्यांच्या पायथ्याशी इलेक्ट्रिक स्कूटर लावून मी आणि माझा नवरा अरुण शेंगा खायचो. घरी चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर पोचलं की तो प्लग काढायचा. "बॅटरी जपावी गं." तो गेल्यावर मीही ऐंशीलाच काढत राहिले. तरी स्कूटर कामशेतलाही पोचेना. भंगारात द्यायची? जीव होईना.

परवा मेकॅनिक सुनंदा हसली, "मावशी, हिला कधी पोटभर जेवूच दिलं न्हाई व्हय? पूर्ण भरा, तशीच लावून ठेवा. आतले कमी-जास्त भरलेले सेल सारखे व्हतील."

ऐंशीला हात शिवशिवला, पण प्लग काढला नाही. आज बेडशाला जाऊन परत आले!

लिहून ठेवते: माझ्यानंतर स्कूटर सुनंदाला द्यावी, अरुणचं हेल्मेट लेकीला. चूक बाबांची होती, हे मात्र तिला कुणी सांगू नये.