एक जून आणि साप्ताहिक ‘ज्वालाग्राही’

३ मार्च
आजपासून रोज डायरी. मोठ्या संपादकांवर पुढे संशोधन होतं. तेव्हा मटेरियल तयार असलेलं बरं. टॉवेलच्या कारखान्यातली सुपरवायझरी सोडली. सुकन्याला उद्या सांगेन.

५ मार्च
सांगितलं. कडक भाकऱ्या थापत होती, थापतच राहिली. बायकोचा मूक पाठिंबा फार मोलाचा असतो.

११ मार्च
पेपरचं नाव दिल्लीहून मंजूर! वज्रप्रहार, रणशिंग वगैरे सगळी आधीच गेलेली. ‘ज्वालाग्राही’ तेवढं शिल्लक होतं. सुकन्या म्हणते, अहो, हे टँकरच्या मागं लिहितात की. असू दे. लोक टँकरपासून लांब राहतात, म्हणजे वचक आहे.

१४ मार्च
पुढची खोली ऑफिसला घेतली. सुकन्याला तीच भाकरीच्या धंद्याला हवी होती. ऑर्डरी वाढल्यात, स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही म्हणते. शेवटी तह. जूनअखेर पेपर स्वतःच्या पायावर उभा राहिला तर खोली माझी, नाहीतर भाकरीची. बिचारी! तिच्यासाठी आधीच वाईट वाटायला लागलंय मला.

२७ मार्च
अंक पहिला. अग्रलेख : ‘सावधान, सोलापूर!’ कशापासून, ते जागेअभावी राहिलं. पहिल्या पानावर ठळक चौकट : आम्ही फक्त सत्य छापू. वाढदिवसाच्या जाहिराती घेणार नाही.

१७ एप्रिल
वाचकांचं एकही पत्र नाही. वाचून सुन्न होत असावेत. चहाच्या गाड्यावर जाऊन पाहिलं. एक जण आपला पेपर घेऊन बसला होता. शब्दकोडं सोडवत होता, तेही चुकीचं.

८ मे
जाहिराती नाहीत. चौकट काढली. तत्त्व सोडलेलं नाही, फक्त छापत नाही.

१५ मे
डोकं चाललं! आमच्या पिढीत खरी जन्मतारीख कुणाच्या घरी ठाऊक होती? शाळेत घालताना मास्तर सरळ एक जून लिहायचे. निम्मा वॉर्ड एक जूनचा. पुढारी तर झाडून सगळे. वाढदिवस विशेषांक काढायचा!

२९ मे
विशेषांक बाहेर. सगळ्या पानांवर शुभेच्छा. बातमीला जागा उरली नाही, अग्रलेखही काढावा लागला. लोक म्हणाले, हा अंक बरा झालाय. पहिल्या पानावर मधोमध ‘युवा नेते’ धोंडप्पा मालक, गॉगल लावून. लवकरच पक्षाच्या युवा आघाडीचे अध्यक्ष होतायत. शेवटच्या पानावर वर्षभर माझी जाहिरात, म्हणाले. खोली वाचली! सुकन्याला म्हटलं, तुझी भट्टी आता मागच्या बोळात मांड. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. डोळे मात्र भरून आले तिचे. धूर असेल.

१ जून
मीही आजचाच. स्वतःला शुभेच्छा छापायच्या राहून गेल्या. सुकन्यानं शिरा केला. भट्टीचं विसरली वाटतं.

३ जून
धोंडप्पा मालकांच्या मातोश्री निंगव्वा सुकन्याकडे शेंगाचटणी न्यायला आल्या. भिंतीवर विशेषांक पाहून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अय्यो यप्पा, कुठला जून? माझा धोंडू गड्ड्याच्या जत्रेत झाला, भर थंडीत! तेही बहात्तरच्या दुष्काळात. शाळेला जायचा नाही. मिसरूड फुटायच्या वक्ताला मास्तरानं धरून नेला न् वय कमी लिवलं. मी लगेच पेन काढलं. एक्सक्लुझिव्ह! सुकन्या म्हणाली, अहो, तेवढं सोडून काहीही छापा. घरातच सेन्सॉरशिप.

५ जून
‘युवा नेते पन्नाशीपार! जन्मदात्रीचा गौप्यस्फोट.’ संपूर्ण अंक खपला. आयुष्यात पहिल्यांदा. जिंकलो!

६ जून
धोंडप्पा मालक आले. गॉगल नव्हता. म्हणाले, मल्लिनाथ, युवा आघाडी गेली, वयाची अट हाय तितं. लई मोठं काम केलास बघ. मी म्हटलं, सत्याची किंमत असते. ते म्हणाले, मग तूच भर. शेवटचं पान गेलं.

१९ जून
बाकीचे एक जूनवालेही फिरकत नाहीत. ज्यांची आई आहे ते फोन उचलत नाहीत. ज्यांची नाही ते म्हणतात, आमची आत्या हाय अजून. निर्भीड पत्रकारितेला इतकी दहशत!

३० जून
पेपर तात्पुरता स्थगित. खोली दिली. खरं लिहायचं तर फार वाईट वाटलं. पाटी काढायला स्टुलावर चढलो. सुकन्यानं स्टूल धरलं आणि खाली उतरल्यावर चहा दिला. शिल्लक गठ्ठे भाकरी बांधायला घे म्हटलं. नको म्हणाली, शाई लागते.

२४ जुलै
पुढच्या खोलीत दोन भट्ट्या. पाकिटावर मजकूर मीच लिहिणार, असं ठरवलं. ‘सावधान, सोलापूर!’ या शीर्षकाखाली कडक भाकरीवर छोटा अग्रलेख लिहिला. सुकन्यानं वाचला आणि खोडला. पाकिटावर फक्त नाव आणि तारीख. तारखेचा शिक्का माझ्या हाती दिला. म्हणाली, खरी तारीख टाका, ते तुम्हाला बरोबर जमतं.

तरी माझं छापलेलं आता शहराबाहेर कुंभारी गावापर्यंत जातं. गिऱ्हाईक पाकीट हातात घेतलं की आधी तारीखच वाचतं, मी स्वतः पाहिलंय. दुपारी चुकून एकावर १ जून पडला. सुकन्यानं पाकीट फोडायला लावलं.