वाजणारा कप

अप्पा, तुम्ही केलेला कप काल मी माझ्या हातानं दुसऱ्या बाईला दिला आणि मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. तेच सांगायला बसले आहे, हुपरीच्या आपल्या घरात, तुमच्या भट्टीच्या खोलीत. आता इथं भट्टी नाही. आईचं गव्हाचं पिंप आहे आणि माझ्या गोल्फच्या बॅगा आहेत. छताचा एक कोपरा मात्र भट्टीच्या धुरानं अजून काळाच आहे, कारण रंगारी आला तेव्हा आईनं त्याला सांगितलं की तेवढा सोडा, तो आमच्या ह्यांचा हाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुमच्या तेव्हाच्या वयाला टेकले आहे. केस पिकण्याच्या बाबतीत तर तुम्हाला कधीच मागं टाकलंय.

या खोलीत बसलं की मला सगळ्यात आधी तुमचा ओरडा आठवतो. मी दुसरीत असेन. तुम्ही फुंकणी तोंडात धरून पैंजणाच्या कडीला डाख देताय, ज्योतीवर सांधा जोडताय, आणि मी शाळेतून पळत येते, मी काढलेल्या चित्राला पहिला नंबर मिळाला म्हणून तुमचा खांदा गदागदा हलवते. ज्योत सरकते, कडी वितळते, तिचा गोळा होतो. तुम्ही हात उगारला नाहीत. फुंकणी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "डाख देताना बापाचं मढं दारात आलं तरी नजर हलवायची न्हाय. मढं थांबतंय, चांदी थांबत न्हाय." मढं म्हटल्यावर मी भोकाड पसरलं. पोरीला असलं अभद्र बोलतात का म्हणून आईनं तुम्हाला दिवसभर फैलावर घेतलं, आणि तुम्ही गुपचूप माझं चित्र मागून घेऊन त्या काळ्या कोपऱ्याखाली डकवलंत.

कपाची गोष्ट तुम्ही कुणाला कधी नीट सांगितली नाहीत, म्हणून मी जिथं जाईन तिथं सांगत सुटते. कोल्हापूरच्या गुजरीत, सराफांच्या पेठेत, ज्या सराफाला तुम्ही माल घालायचात, त्याच्याकडं तिथल्या गोल्फ क्लबाच्या एक बाई आल्या. बायकांच्या वार्षिक स्पर्धेसाठी त्यांना फिरता चषक हवा होता, खऱ्या चांदीचा. सराफानं तुम्हाला विचारलं, जमेल काय? तुम्ही जन्मात भांडं केलेलं नव्हतं. हुपरीचा माणूस, पैंजणाच्या वर कधी गेलाच नव्हता. पण नाही म्हणणं तुमच्या रक्तात नव्हतं. व्हय की, म्हणून मोकळे झालात आणि मग आठवडाभर पत्रा ठोकत आईची बोलणी खात बसलात. कप झाला बरा. एका बाजूनं पोट जरा सुटलेलं, पण बरा. तुम्ही तो हातात घेऊन हलवलात, कानाशी नेऊन पुन्हा हलवलात, आणि तुमचं तोंड उतरलं. आईनं विचारलं काय झालं, तर म्हणालात, "मुका हाय गं." चांदीची वस्तू, त्यातून बायकांची, आणि वाजत नाही, हे तुमच्या मनाला पटेचना. सकाळी उठून बघते तर कपाच्या गळ्याभोवती घुंगरांची ओळ, तान्ह्या बाळाच्या वाळ्यांना लावतात तसल्या बारीक घुंगरांची. अशी चूक हुपरीकरानंच करावी.

कप पोचवायला तुम्ही मला बरोबर नेलंत, कारण शाळेला सुट्टी होती आणि आई शेजारणीकडं पापड लाटायला गेली होती. मी इतकं गवत एका जागी पहिल्यांदाच बघत होते, आणि त्यात एकही म्हैस नव्हती. क्लबातल्या त्या बाईंनी, ज्यांना आपण पुढं कायम टोपीवाल्या बाई म्हणत आलो, कागद सोडून कप उचलला आणि तो छुनछुन वाजला. शेजारच्या ग्रीनवर, म्हणजे होलच्या खड्ड्याभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीवर, कुणीतरी नेम धरून उभं होतं, त्याचा बॉल भलतीकडंच गेला. सगळे वळून बघायला लागले. बाईंनी तुम्हाला समजावून सांगितलं की या खेळात शांतता पाळतात, शिंक आली तरी लोक दाबून धरतात. तुमचा चेहरा बघून मलाच रडू यायला लागलं. घुंगरं आत्ता काढून देतो, पक्कड हाय पिशवीत, असं तुम्ही म्हणताय तोवर बाईंनी कप परत हलवला, या वेळी मुद्दाम आणि जोरात. मग त्या हसत सुटल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या. वर्षातून एकदा तरी इथं काहीतरी वाजायला हवं."

तुमचा चहा होईपर्यंत मी गप्प बसावं म्हणून त्यांनी मला एक जुनी स्टिक दिली आणि काही बॉल दिले. मी आधी नुसती माती उडवली. मग एकदा तो आवाज आला, टक, आणि बॉल गेला. तुम्ही माझ्याकडं पाठ करून बशीत चहा ओतत होता. मागं न बघताच म्हणालात, "बसला." डाख नीट बसला की तुमच्या तोंडून जो शब्द निघायचा, तोच. माझ्या आयुष्यात पुढं जे काही झालं ते त्या एका शब्दानं सुरू झालं, हे मी तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही.

मग टोपीवाल्या बाईंनी मला शिकवायचं मनावर घेतलं, आणि दर रविवारी हुपरीहून एसटीनं आपली वारीच सुरू झाली. गावात लोक विचारायचे, पोरगी कोल्हापुरात काय शिकती? तुम्ही सांगायचात, लांबनं नेम मारती. यापलीकडं खेळातलं तुम्हाला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची गरजही वाटत नव्हती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी त्या कपासाठी पहिल्यांदा खेळले. शेवटचा होल. बॉल एका फटक्यात आत घातला तर कप माझा. चहूबाजूंनी लोक उभे, पानसुद्धा हलत नव्हतं. मी वाकले, आणि मागून तुमचा तो खणखणीत आवाज आला. शेजारच्या अनोळखी माणसाला तुम्ही तुमच्या मते हळूच विचारत होता, "ओ पावणं, एवढी माणसं उभी हायती आन् कुणाच्याच तोंडातनं आवाज न्हाय. कोण गेलंय काय?" मी स्टिक टाकून पोट धरून हसले. बाई हसल्या, माझ्याविरुद्ध खेळणारी हसली. हसून हात सैल झाले आणि बॉल सरळ आत गेला. बक्षीस देताना बाईंनी तुम्हाला पुढं बोलावून सांगितलं की आता ओरडा काय ओरडायचं ते. मी कप डोक्यावर धरून वाजवला आणि तुम्ही कुस्तीच्या मैदानात देतात तसली आरोळी ठोकलीत. तुमच्या मागोमाग सगळे. तेव्हापासून क्लबात तो रिवाजच पडलाय. दिवसभर चिडीचूप, आणि जिंकणारीनं कप वाजवला की मग सगळ्यांनी गळा मोकळा करायचा.

त्या दिवशी परतीच्या एसटीत तुम्ही मला विचारलंत की स्पर्धेच्या फलकावर हौशी म्हणून लिहिलंय ते काय. मी सांगितलं, जे हौसेनं खेळतात, पैसे घेत नाहीत ते. आणि घेतात ते? ते व्यावसायिक, प्रो. तुम्ही हुपरी येईपर्यंत विचार केलात आणि उतरता उतरता म्हणालात, "मी पैंजणाचं पैसं घेतो की. म्हणून माझी हौस गेली काय?" त्यानंतर वर्षभरात तुम्ही गेलात. छातीत कळ आली आणि दुपारचं जेवण तसंच राहिलं. त्याबद्दल आज लिहीत नाही. आज माझा दिवस चांगला चाललाय.

पुढं मी तो कप कितीदा तरी जिंकला. राज्याच्या हौशी स्पर्धा जिंकल्या, बाहेर जाऊन खेळले, विम्याच्या ऑफिसात नोकरीला लागले आणि रजा साठवून साठवून खेळत राहिले. सगळे म्हणायचे प्रो हो. टोपीवाल्या बाई तर भेटल्या की तेच. मी नोकरीचं कारण सांगायची, आईचं सांगायची, गुडघ्याचं सांगायची. खरं कारण एकच होतं. तो कप फक्त हौशी बायकांसाठी. एकदा प्रो झालं की त्याच्यासाठी कधी खेळता येणार नाही. दरवर्षी तो घरी आणायचा, तुमच्या खोलीत ठेवायचा, जाता-येता वाजवायचा, हे सोडायची माझी तयारी नव्हती. दोन वर्षांपूर्वी आईनं हे ओळखलं. मी कप पुसत होते आणि ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांनी जलमभर पैंजण केलं. एक तरी घरात ठिवलं काय? लोकाच्या पायात गेलं तवाच वाजलं." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मी कप खाली ठेवला. ऑफिसात बिनपगारी रजेचा अर्ज दिला तो त्याच आठवड्यात.

प्रो व्हायला परीक्षा असते, अप्पा. चार दिवस खेळायचं आणि वरचे थोडेच घेतात. माझ्याबरोबर बहुतेक कॉलेजातल्या पोरी. त्या मला आधी मावशी म्हणायच्या, तिसऱ्या दिवसापासून मॅडम म्हणायला लागल्या. चौथ्या दिवशी शेवटच्या होलवर मला कळलं की हा बॉल गेला तर मी आत, नाही गेला तर बाहेर. अंतर फार नव्हतं, आपल्या उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत असेल, पण ग्रीनला उतार होता. मी वाकले. बॉल गेला, कडेला जरा रेंगाळला आणि आत पडला, टक. माझी बॅग उचलणाऱ्या मुलीनं विचारलं, मॅडम, काय म्हणालात? तेव्हा मला समजलं की मी मोठ्यानं "बसला" म्हणाले होते.

आणि काल वार्षिक स्पर्धा झाली. प्रो म्हणून बक्षीस द्यायला मला बोलावलं होतं. कागलच्या एक डॉक्टरीणबाई जिंकल्या. पहिल्यांदाच. टोपीवाल्या बाई पुढं खुर्चीत बसल्या होत्या, तीच टोपी घालून. मी कप दिला, डॉक्टरीणबाईंनी तो वाजवला आणि लोकांनी जो काही गलका केला त्यात सगळ्यात वरचढ आवाज माझा होता. त्या कपासाठी मी इतकी कधी ओरडले नव्हते. इतकी वर्षं वाजवणारी मीच होते ना. तुमची घुंगरं लांबून कशी ऐकू येतात ते मला कालच कळलं. फार छान येतात, अप्पा. आणि हौस गेलेली नाही, उलट वाढलीय.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये. आई दोनदा डोकावून गेली, तिला सांगितलंय की स्पर्धेच्या प्रवासाचं सामान लिहून काढतेय. एक मात्र सांगून टाकते. परीक्षेनंतर तिथं एका वार्ताहरानं मला विचारलं की शेवटच्या क्षणी वडिलांची आठवण आली असेल ना. मी हो म्हणाले, त्यानं ते छापलं, आईनं कात्रण देवघरात ठेवलंय. पण खरं सांगू? नव्हती आली. बॉल आत पडेपर्यंत मला तुम्ही कोण, मी कुणाची, काही आठवत नव्हतं. नजर हलवली नाही, अप्पा.